चित्राखालचे चित्र

गोदावरीच्या काठी, नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात सायखेडा हे गाव आहे. पावसाळ्यात गोदावरीला मोठा पूर आला, म्हणजे या गावात पाणी शिरते. २०१६ आणि २०१९ या दोन्ही साली ऑगस्ट महिन्यात असे मोठे पूर येऊन गेले. पूर ओसरला की भिंतींवर गाळाची एक आडवी रेघ मागे राहते. मग घरे धुऊन पुसून स्वच्छ केली जातात, दिवाळीच्या सुमारास भिंतींना चुन्याचा किंवा रंगाचा हात दिला जातो आणि ती रेघ दिसेनाशी होते. परंतु दिसेनासे होणे म्हणजे नाहीसे होणे नव्हे. काही वर्षांनी त्या भिंतीचा पोपडा निघाला, तर पिवळ्या रंगाखाली निळा, निळ्याखाली पांढरा आणि त्याच्याही खाली कदाचित ती गाळाची रेघ पुन्हा दृष्टीस पडते. जो थर सर्वांत खाली तो सर्वांत जुना, आणि जो सर्वांत वर तो सर्वांत नवा, एवढा एकच नियम ध्यानात ठेवला, म्हणजे भिंतीने पोटात जपून ठेवलेला इतिहास आपल्याला वाचता येतो.

चित्रांचेही असेच आहे. आपण चित्र पाहतो तेव्हा आपल्याला त्याचा फक्त वरचा पृष्ठभाग दिसतो. परंतु त्याच्या खाली चित्रकाराने प्रथम काढलेली रेघ असते, मग बदललेली रेघ असते, कधी पुसून टाकलेली एखादी आकृती असते, तर कधी एका चित्रावर काढलेले दुसरे संपूर्ण चित्र असते. चित्रावर असे थर का चढतात? कधी चित्रकाराचेच मन बदलते आणि तो हात वर केलेला पुरुष हात खाली केलेला करतो. कधी नवे चित्र काढण्यासाठी जागा नसते, म्हणून जुन्या चित्रावरच नवे चित्र काढले जाते. कधी काळ बदलतो, लोकांची आवड बदलते आणि नव्या मालकाला चित्रातील एखादी गोष्ट आवडेनाशी होते. आणि कधी कधी चित्र टिकावे अशा सद्‍हेतूनेच त्यावर एखादा लेप चढविला जातो. या चारही कारणांची उदाहरणे आपल्याला आढळतात. त्यांतील सर्वांत महत्त्वाचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. ते म्हणजे अजिंठ्याची लेणी.

अजिंठ्याची लेणी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, वाघोरा नदीच्या वळणावर एका उंच कड्यात कोरलेली आहेत. लहानमोठी मिळून ती तीस आहेत. ही सर्व लेणी एकाच काळी कोरली गेली नाहीत. नववे, दहावे आणि आणखी काही लेणी सातवाहनांच्या काळातील, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. त्यानंतर पुष्कळ काळ तेथे नवे काम झाले नाही. पुढे इसवी सनाच्या पाचव्या शतकात, वाकाटक राजांच्या काळी, हरिषेण हा राजा राज्य करीत असताना, पुन्हा छिन्नी-हातोड्याचा आवाज त्या दरीत घुमू लागला आणि बाकीची लेणी तयार झाली. या दोन काळांमध्ये चार-पाचशे वर्षांचे अंतर आहे.

अजिंठ्याचा चित्रकार भिंतीवर एकदम रंग लावीत नसे. लेण्याचा कातळ खडबडीत असे. त्यावर तो प्रथम मातीचा जाड गिलावा देई. त्या मातीत भाताचे तूस, गवताचे व वनस्पतींचे धागे आणि बारीक खडी मिसळलेली असे. आपल्या खेड्यांत मातीच्या भिंतीसाठी चिखलात भुसा का मळतात, हे तुम्हांला ठाऊक असेलच. भुशाने माती धरून राहते आणि वाळताना तिला भेगा कमी पडतात. तीच युक्ती त्या कारागिरांनी वापरली होती. गिलावा वाळला म्हणजे त्यावर पांढऱ्या रंगाचा पातळ हात दिला जाई. मग गेरूच्या तांबड्या रेघेने चित्राचा आराखडा काढला जाई. त्यात रंग भरले जात आणि शेवटी काळ्या किंवा तपकिरी रेघेने आकृतीच्या कडा पुन्हा पक्क्या केल्या जात. रंग बहुतेक खनिजांचे असत. तांबड्यासाठी गेरू, पिवळ्यासाठी पिवळी माती, हिरव्यासाठी हिरवी माती आणि काळ्यासाठी काजळी. ते भिंतीला चिकटून राहावेत म्हणून त्यांत सरस घातला जाई.

म्हणजे पाहा, ज्याला आपण एक चित्र म्हणतो, ते मुळातच चार-पाच थरांचे असते. अजिंठ्यात जेथे वरचा रंग झडून गेला आहे, तेथे खालची ती तांबडी रेघ आज उघडी पडली आहे. पुष्कळदा ती पहिली रेघ आणि वरची शेवटची रेघ एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत. दोन रेघांमधील ते बोटभर अंतर म्हणजे चित्रकाराचा विचार होय. दीड हजार वर्षांपूर्वी एका माणसाने भिंतीसमोर उभे राहून, 'हे असे नको, हे तसे हवे' असे मनाशी ठरविले, त्याचा तो पुरावा आहे. त्या चित्रकाराचे नाव आपल्याला माहीत नाही. परंतु त्याचा हात कोठे थांबला आणि कोठे वळला, हे आपण पाहू शकतो.

नवव्या लेण्यात याहून मोठा चमत्कार आहे. तेथील भिंतीवर काही ठिकाणी चित्रांचे दोन निरनिराळे थर एकावर एक आहेत. वरच्या थराचा गिलावा गळून पडला तेव्हा त्याखाली जुन्या काळचे दुसरे चित्र दिसू लागले. दहाव्या लेण्यातही दोन्ही काळांतील चित्रे जवळजवळ नांदत आहेत. भिंतींवर जुनी चित्रे आणि खांबांवर नंतरच्या काळची. या दोन थरांची तुलना केली असता कितीतरी गोष्टी उलगडतात.

पहिली गोष्ट धर्माविषयीची. दहाव्या लेण्याच्या डाव्या भिंतीवरील जुन्या चित्रात एक राजा आपल्या परिवारासह बोधिवृक्षाची पूजा करण्यास आला आहे. तेथे वृक्ष आहे, भक्तजन आहेत, वाद्ये वाजविणाऱ्या स्त्रिया आहेत. परंतु बुद्धाची मूर्ती मात्र कोठेही नाही. त्या काळी बुद्धाला मानवरूपात दाखविण्याची प्रथा नव्हती. वृक्ष, स्तूप, चक्र अशा चिन्हांनी त्याचे अस्तित्व सुचविले जाई. त्याच लेण्यातील खांबांवर पाचव्या शतकात काढलेली चित्रे पाहावीत, तर तेथे बुद्ध उभा आहे, बसला आहे, उपदेश करीत आहे. लोकांच्या पूजेची रीत किती बदलली हे सांगण्यास येथे दुसऱ्या ग्रंथाची गरज नाही. एकाच लेण्याची भिंत आणि खांब ते सांगतात.

दुसरी गोष्ट रंगांची. पाचव्या शतकातील चित्रांत एक गडद, सुंदर निळा रंग आढळतो. तो राजावर्त नावाच्या मौल्यवान दगडाची पूड करून बनविलेला आहे. हा दगड अजिंठ्याच्या आसपास मिळत नाही. तो दूर अफगाणिस्तानातील बदख्शान प्रांतातून येई. सर्वांत जुन्या चित्रांत हा निळा रंग आढळत नाही. यावरून काय समजते? मधल्या काळात आपल्या देशाचा व्यापार किती दूरवर पोहोचला होता, आणि त्या व्यापाराच्या वाटेने आलेला एक परका दगड सह्याद्रीच्या रांगेतील एका भिंतीवर येऊन कसा विसावला, ते समजते.

तिसरी गोष्ट काळाची. जुन्या चित्रांतील पुरुषांची गाठी मारलेली पागोटी आणि स्त्रियांचे ठसठशीत अलंकार सांची व भरहुत येथील स्तूपांवर कोरलेल्या आकृतींसारखे आहेत. त्या शिल्पांचा काळ विद्वानांना ठाऊक होता. वेषभूषेचे हे साम्य पाहून, आणि लेण्यातील ब्राह्मी लेखांच्या अक्षरवळणावरून, या चित्रांचा काळही त्यांनी ठरविला. भारतात आज शिल्लक असलेल्या बौद्ध चित्रांत ही सर्वांत जुनी होत.

आता त्या खांबांवरच्या आणखी एका थराची हकीकत ऐका. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी शिकारीच्या निमित्ताने या दरीत आला. झाडाझुडपांनी झाकलेली लेणी त्याच्या दृष्टीस पडली. तो दहाव्या लेण्यात शिरला आणि एका खांबावरील चित्रावर त्याने आपले नाव व तारीख कोरून ठेवली. हे नाव आजही तेथे आहे. परंतु गंमत अशी, की ते माणसाच्या डोळ्यांपेक्षा बरेच उंच आहे. स्मिथ काही राक्षसासारखा उंच नव्हता. त्या वेळी लेण्यात शेकडो वर्षांचा दगडमातीचा ढीग साचला होता आणि तो त्या ढिगावर उभा होता. पुढे तो ढीग उपसला गेला आणि नाव उंचावर राहिले. ज्याप्रमाणे पुराची रेघ पाणी कोठवर चढले होते ते सांगते, त्याचप्रमाणे हे नाव मातीचा ढीग केवढा होता ते सांगते. मात्र त्या नावाने एका प्राचीन चित्राला कायमची जखम झाली, हेही विसरता कामा नये. आपले नाव भिंतीवर राहावे असे पुष्कळांना वाटते. परंतु ज्यांनी ते चित्र काढले, त्यांनी आपले नाव कोठेही लिहिले नाही.

लेण्यांचा बोभाटा झाला आणि जाणते लोक तेथे येऊ लागले. मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांसह तेथे राहून चित्रांच्या नकला केल्या. चित्रे अंधुक दिसत. ती उजळून दिसावीत म्हणून त्यांवर रोगण लावण्याचे प्रकारही त्या काळी झाले. त्या नकलांपैकी बऱ्याचशा लंडन येथे १८८५ साली आगीत जळाल्या. पुढे चित्रांचे पोपडे गळू लागले तेव्हा त्या मुलखाचे अधिपती असलेल्या हैदराबादच्या निझाम सरकारने इटलीहून लोरेंझो चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन तज्ज्ञांना बोलाविले. १९२० ते १९२२ या काळात त्यांनी मोठ्या परिश्रमाने सुटणारा गिलावा पुन्हा कातळाला चिकटविला. हे काम त्यांनी केले नसते, तर आज आहेत तेवढीही चित्रे कदाचित उरली नसती. परंतु चित्रांचे रक्षण व्हावे म्हणून त्यांनी त्यांवर लाखेच्या रोगणाचा लेपही दिला. तो लेप प्रथम स्वच्छ व चकचकीत दिसला असेल. पण लाखेचे रोगण जुने होऊ लागले म्हणजे पिवळे पडते, मग तपकिरी होते. त्यावर धूळ बसली, वटवाघळांची घाण बसली, काजळी बसली. हळूहळू दहाव्या लेण्यातील चित्रे एखाद्या धुरकट काचेमागे जावीत तशी दिसेनाशी झाली. रक्षणासाठी घातलेले पांघरूणच चित्राला झाकून बसले.

स्वातंत्र्यानंतर या लेण्यांची निगा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आली. १९९९ नंतर या खात्याच्या रसायनतज्ज्ञांनी नवव्या आणि दहाव्या लेण्यांतील चित्रे स्वच्छ करण्याचे काम हाती घेतले. हे काम किती नाजूक असेल, याची कल्पना करा. वरचे रोगण विरघळले पाहिजे, पण खालच्या रंगातील सरस विरघळता कामा नये. काजळी निघाली पाहिजे, पण काजळीनेच काढलेली काळी रेघ निघता कामा नये. म्हणून प्रथम अगदी थोड्या जागेवर प्रयोग करून पाहावा लागे. मग बोटाबोटाने पुढे सरकावे लागे. या कामाला वर्षेच्या वर्षे लागली. परंतु त्या पिवळ्या थराखालून दोन हजार वर्षांपूर्वीचे चेहरे पुन्हा बाहेर आले. काही चेहरे इतके जिवंत आहेत, की आपल्याच गावच्या बाजारात आपण त्यांना कोठेतरी पाहिले असावे, असे वाटते.

येथे तुम्ही विचाराल, की वरचा थर न खरडता खाली काय आहे हे आधीच समजण्याचा काही उपाय आहे काय? आहे. आपल्या डोळ्यांना जो प्रकाश दिसतो, त्याच्या पलीकडेही अनेक प्रकारचे किरण आहेत. त्यांपैकी अवरक्त किरण रंगाच्या पुष्कळ थरांतून पार जातात आणि काजळीने किंवा कोळशाने काढलेल्या रेघेशी अडतात. त्यामुळे वरच्या रंगाखाली दडलेले काळे रेखाटन त्यांच्या साहाय्याने छायाचित्रात उमटते. अतिनील किरण चित्रावर टाकले, तर जुने रोगण हिरवट चमकते आणि नंतर लावलेल्या रंगाचे डाग काळसर दिसतात. १८९५ साली राँटजेन या जर्मन शास्त्रज्ञाने शोधून काढलेले क्ष-किरण तर याहून खोल जातात. वैद्य ज्याप्रमाणे मोडलेले हाड पाहण्यासाठी त्यांचा उपयोग करतात, त्याचप्रमाणे चित्रातील शिसेयुक्त पांढरा रंग त्यांना अडवितो आणि त्या रंगाने काढलेली दडलेली आकृती स्पष्ट होते. मात्र क्ष-किरणांसाठी चित्राच्या एका बाजूस यंत्र आणि दुसऱ्या बाजूस काच किंवा फिल्म ठेवावी लागते. कापडावरील चित्राला हे साधते; डोंगराच्या कातळावरील चित्राला साधत नाही. तेथे अवरक्त किरणांवर, सूक्ष्मदर्शकावर आणि टाचणीच्या टोकाएवढ्या रंगाच्या कणावर काम भागवावे लागते. तो एवढासा कण आडवा कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की भिंतीचे सर्व थर एखाद्या पुस्तकाच्या पानांसारखे एकावर एक दिसतात.

परदेशांतही अशा कितीतरी गोष्टी उघडकीस आल्या आहेत. इंग्लंडमध्ये केंब्रिज येथील फिट्झविल्यम वस्तुसंग्रहालयात एक समुद्रकिनाऱ्याचे चित्र आहे. हेन्ड्रिक व्हान आन्टोनिसेन या डच चित्रकाराने ते १६४१ च्या सुमारास काढले. थंडीच्या दिवसांत पुष्कळ लोक किनाऱ्यावर जमून एकीकडे पाहत आहेत, असे त्यात दाखविले होते. परंतु ते काय पाहत आहेत, याचा उलगडा होत नव्हता; कारण तेथे पाहण्यासारखे काहीच नव्हते. २०१४ साली त्या चित्रावरचे पिवळे रोगण काढण्यात येत असता क्षितिजाजवळ एक माणूस हवेत उभा असल्यासारखा दिसू लागला. मग त्याच्या शेजारी एक पंख उमटला आणि शेवटी वाळूवर येऊन पडलेला एक प्रचंड देवमासा उघडा झाला! तो माणूस त्या माशाच्या पाठीवर उभा होता. मेलेला प्राणी दिवाणखान्यात नको, असे वाटून मागे कोणीतरी तो रंगाने झाकून टाकला असावा. मासा झाकला गेला. पण त्याच्याकडे पाहणाऱ्यांचे डोळे तसेच राहिले. त्या डोळ्यांनीच येथे काहीतरी नाहीसे झाले आहे, हे सतत सांगितले होते.

जर्मनीत ड्रेस्डेन येथील संग्रहालयात योहान्नेस व्हर्मीर या थोर डच चित्रकाराचे एक चित्र आहे. उघड्या खिडकीजवळ उभी राहून एक मुलगी पत्र वाचत आहे आणि तिच्यामागे कोरी भिंत आहे. १९७९ साली क्ष-किरणांनी असे दाखविले, की त्या कोऱ्या भिंतीखाली मदनासारख्या एका बालदेवतेचे चित्र दडले आहे. सर्वांना वाटले, की व्हर्मीरनेच विचार बदलून ते झाकले असेल. परंतु पुढे रंगांचे सूक्ष्म थर तपासले तेव्हा निराळेच सत्य बाहेर आले. मदनाचे चित्र आणि त्यावरचा रंग यांच्या मध्ये जुने रोगण आणि धुळीचा एक थर होता. धूळ एका दिवसात साचत नाही. म्हणजे मूळ चित्र पुरे झाल्यावर पुष्कळ वर्षांनी, व्हर्मीरच्या मृत्यूनंतर, दुसऱ्याच कोणी तो रंग लावला होता. ज्या धुळीला आपण कचरा समजून झटकून टाकतो, त्याच धुळीने येथे साक्षीदाराचे काम केले! मग तज्ज्ञांनी सूक्ष्मदर्शकाखाली बारीक पात्याने तो वरचा रंग कणाकणाने काढला आणि २०२१ साली ते चित्र मूळ रूपात लोकांपुढे ठेवले.

पण मुलांनो, वरचा थर काढून टाकणे हे नेहमीच योग्य असते काय? तंजावर येथील बृहदीश्वर मंदिराची गोष्ट यासाठी समजून घेण्यासारखी आहे. हे भव्य मंदिर राजराज चोळ याने १०१० च्या सुमारास पुरे केले. या मंदिराशी आपल्या मराठी भाषेचेही नाते आहे. तंजावरचे मराठे राजे सरफोजी दुसरे यांच्या काळात, १८०३ साली, भोसले घराण्याचा विस्तृत इतिहास मराठीत याच मंदिराच्या भिंतींवर कोरला गेला. त्या वेळी गाभाऱ्याभोवतालच्या अंधाऱ्या प्रदक्षिणामार्गावर जी चित्रे दिसत, ती नायक राजांच्या काळची होती. १९३१ साली गोविंदस्वामी नावाचे एक अभ्यासक तेथे गेले असता, वरच्या चित्राचा पोपडा सुटलेल्या जागी त्यांना खाली दुसरेच रंग दिसले. ती चोळांच्या काळची, सुमारे नऊशे वर्षांपूर्वीची चित्रे होती.

आता मोठा पेच पडला. चोळांची चित्रे पाहावयाची, तर नायकांची चित्रे खरडून टाकावी लागतील. पण तीही शेकडो वर्षांपूर्वीची. तीही कोणा कुशल हातांनी काढलेली. जुने ते मोठे म्हणून मधल्या काळच्या माणसांचे काम पुसून टाकण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या तज्ज्ञांनी या प्रश्नावर उतावीळपणा केला नाही. त्यांनी वरच्या थराची चित्रे पातळ गिलाव्यासह अखंड सोडवून काढण्याची रीत बसविली आणि नायककालीन सोळा चित्रे अलगद उतरवून निराळ्या फलकांवर बसविली. अशा रीतीने खालचे चित्र उघडे झाले आणि वरचेही जगले. दोन पिढ्यांपैकी एकीला निवडून दुसरीला मारण्याचा प्रसंग टळला.

यावरून आपण काय शिकावे? पहिली गोष्ट ही, की सद्‍हेतू पुरेसा नसतो. त्याला ज्ञानाची जोड लागते. अजिंठ्याच्या चित्रांवर रोगण लावणारे लोक त्या चित्रांचे शत्रू नव्हते. म्हणून आजचे तज्ज्ञ एक नियम पाळतात. जे काढता येणार नाही, असे काहीही प्राचीन वस्तूवर लावावयाचे नाही. उद्या आपल्याहून अधिक जाणणारे लोक येतील, त्यांना आपली चूक सुधारता आली पाहिजे. दुसरी गोष्ट ही, की जे दिसत नाही ते नाहीच, असे समजू नये. आणि तिसरी ही, की उतावळ्या हाताने खरडलेले पुन्हा कधीही भरून येत नाही.

असा ठेवा केवळ अजिंठ्याला किंवा तंजावरला असतो असे नाही. आपल्या नाशिक जिल्ह्यातच चांदवड येथे होळकरांचा रंगमहाल आहे आणि त्याच्या भिंतींवर जुनी चित्रे आहेत. महाराष्ट्रातील कितीतरी जुने वाडे आणि देवळे यांच्या भिंतींवर एके काळी चित्रे होती. वर्षानुवर्षे त्यांवर चुन्याचे हात बसत गेले. आज असे वाडे पाडले जात आहेत. एखाद्या जुन्या भिंतीच्या पोपड्याखाली तांबडी रेघ, वेलबुट्टी किंवा एखादा डोळा दिसला, तर नखाने वा सुरीने तो उकरू नका. ओल्या फडक्याने पुसू नका. पाण्याने सरस विरघळतो. गुरुजींना, वडीलधाऱ्यांना आणि जाणत्या माणसांना ती जागा दाखवा, तिचे छायाचित्र काढून ठेवा आणि भिंत पाडण्यापूर्वी कोणी तज्ज्ञ ती पाहील अशी खटपट करा. भिंत पडली म्हणजे तिच्यातील सर्व थर एकाच दिवशी माती होतात. ते वाचविण्यासाठी पुष्कळदा एका सावध नजरेची आणि चार दिवस थांबण्याची तयारी, एवढेच पुरेसे असते.

स्वाध्याय

१. चित्रांवर एकावर एक थर का चढतात? पाठात दिलेली चार कारणे सांगा व प्रत्येकाचे एक उदाहरण द्या.

२. अजिंठ्याच्या जुन्या आणि नंतरच्या चित्रांची तुलना केल्यावर कोणत्या तीन गोष्टी समजल्या?

३. कारणे द्या : (अ) जॉन स्मिथचे नाव आज डोळ्यांपेक्षा उंच दिसते. (आ) मदनाचे चित्र व्हर्मीरने स्वतः झाकले नव्हते, असे तज्ज्ञांनी ठरविले. (इ) अजिंठ्याच्या भिंतींसाठी क्ष-किरणांचा उपयोग होत नाही.

४. 'रक्षणासाठी घातलेले पांघरूणच चित्राला झाकून बसले', या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.

५. तंजावरच्या तज्ज्ञांपुढे कोणता पेच होता? तुम्ही त्यांच्या जागी असता, तर काय केले असते? आठ-दहा ओळी लिहा.

६. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : पोपडा, गिलावा, उतावीळ, अलगद, सद्‍हेतू, हकीकत.

७. तुमच्या गावातील जुन्या वाड्याची, देवळाची किंवा पाराची माहिती वडीलधाऱ्यांना विचारून लिहून काढा. त्या वास्तूत कोणते बदल केव्हा झाले, ते जुन्यापासून नव्यापर्यंत क्रमाने मांडा.